केसाएवढी

"केसाएवढी," मी म्हणाले. हात वर करणं नाही, परवानगी मागणं नाही, वर्गातलं कुणी तोंड उघडायच्या आत मी बोलून मोकळी. "भिंतीला गेलेली भेग आहे. प्लास्टरची, वरवरची. रंग मारला की झालं." पडद्यावर फिकट पिवळ्यावर एक काळपट वाकडीतिकडी रेघ होती, मध्येच फाटे फुटलेली, फाट्यांना परत फाटे. खडूबाईंनी आधी रेघेकडे बघितलं, मग माझ्याकडे. खडूबाई म्हणजे आमच्या भूमितीच्या बाई. कानामागे खडू खोचून वर्गात येतात आणि तासभर दुसऱ्याच खडूने लिहितात. "एवढी खात्री?" त्या म्हणाल्या. "माझे बाबा इमारती तपासतात," मी म्हणाले, "भेगा बघतच लहानाची मोठी झालेय मी." वर्ग हसला, आणि मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू. इतके दिवस मागच्या बाकावर तोंड मिटून काढले, आज कुठे आपल्या हक्काचा विषय निघाला. बाईंनी बटण दाबलं. तेच चित्र परत आलं, फक्त खालच्या कोपऱ्यात एक बारीक पांढरी पट्टी होती आणि पट्टीखाली लिहिलं होतं, दहा किलोमीटर. "उपग्रहातून घेतलेला फोटो आहे," बाई म्हणाल्या. "दरी आहे ही. तुमच्या या केसात आपलं कॉलेज, बाहेरचा रस्ता, झालंच तर अख्खं शहर टाकलं तरी वर थोडी जागा उरेल." आता वर्ग असा हसला की पुढच्या बाकावरच्या एकाला ठसका लागला. मी पण हसायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. हसं झालं म्हणून नव्हे. ते काय, कुणाचंही होतं. ते उघडं राहिलं यासाठी, की ती वाक्यं माझी नव्हतीच. केसाएवढी आहे, प्लास्टरची, वरवरची, रंग मारला की झालं. हे सगळं असंच, याच क्रमाने बाबा म्हणाले होते, गेल्या महिन्यात, मावशीच्या घरातल्या भेगेबद्दल. फोटो बघून. आणि त्या फोटोत कुठलीही पट्टी नव्हती.

पुढे बाई काय बोलल्या ते मला ऐकू येत होतं आणि येतही नव्हतं. त्याआधीचं चित्र, ज्याला अर्धा वर्ग एका सुरात समुद्रकिनारा म्हणाला होता, ती म्हणे आमच्याच वर्गाच्या मागच्या भिंतीवरची चीर होती, काल दुपारी मोबाईलवर काढलेली. सगळ्यांनी माना वळवून मागे बघितलं. "वर्तुळाच्या फार जवळ गेलात," बाई सांगत होत्या, "तर ते सरळ दिसायला लागतं. म्हणजे कळतं तरी की आपण जवळ आलो. यांचं तसं नाही. जवळ जा, लांब जा, तोच खडबडीतपणा. लहान तुकडा मोठ्यासारखा, मोठा लहानासारखा. याला म्हणायचं फ्रॅक्टल. नुसतं चित्र बघून हे केवढं आहे हे कुणालाही सांगता येणार नाही. मला नाही, तुम्हाला नाही, आणि," इथे त्या माझ्याकडे बघून हसल्या, "इमारती तपासणाऱ्यांनाही नाही." चेष्टा होती ती, चांगल्या मनाने केलेली. मला मात्र कुणी पाठीवर गार पाण्याचा तांब्या ओतावा तसं झालं. कुणालाही नाही म्हणजे काय? या बाईंनी दोन महिन्यांपूर्वी पहिल्यांदा धक्का दिला तेव्हा मी खूश झाले होते. त्रिकोण घ्या, त्याच्या प्रत्येक बाजूवर मधोमध छोटा त्रिकोण काढा, मग त्या प्रत्येक छोट्या बाजूवर आणखी छोटा, आणि थांबूच नका. आकृती रुमालावर मावते आणि तिची कड मोजायला बसलात तर संपत नाही. मी धावत घरी येऊन आईला सांगितलं, तर आई म्हणाली, मग कड शिवायला दोरा किती लागेल? अनंत, मी म्हणाले. आई म्हणाली, मग नको बाई मला असला रुमाल. आम्ही दोघी खूप हसलो होतो. गणितातला धक्का बसतो आणि कुणाला लागत नाही, म्हणून तर मी हा विषय घेतला होता. रात्री विजेसारखं काहीतरी डोक्यात चमकतं आणि सकाळी चहा तसाच असतो, घर तसंच असतं, भिंती जागच्या जागी असतात.

मी बाकाखाली मोबाईल उघडला आणि घरच्या ग्रुपवर मागे मागे गेले. रोज सकाळी मावशीने पाठवलेली फुलं. फुलं, सूर्योदय, फुलं. मग तो फोटो. पिवळट भिंत आणि तिच्यावर काळपट रेघ, फाटे फुटलेली. बाजूला बटण नाही, खिळा नाही, कॅलेंडर नाही, मावशीचं बोटसुद्धा नाही. दोन बोटांनी मी तो मोठा केला. रेघ जाड झाली आणि तिच्या कडांना नवे दाते दिसायला लागले. अजून मोठा केला, दात्यांना दाते. लहान केला, परत तीच रेघ. शेवटी फोटोच फुटला, नुसते चौकोन चौकोन झाले, पण भेग केवढी आहे ते काही कळलं नाही. फोटोखाली मावशीने लिहिलं होतं, "ही बघा. मला भीती वाटते." त्याखाली बाबांचं उत्तर, "ताई, केसाएवढी आहे. प्लास्टरची, वरवरची. रंग मारला की झालं." त्याखाली मामा, "झाला राईचा पर्वत!" आणि ओळीने हसरे चेहरे. आईचा एक हसरा चेहरा. आणि सगळ्यात शेवटी मावशी, "बरं." एवढंच. त्यानंतर आजपर्यंत त्या भेगेबद्दल एक अक्षर नाही, नुसती फुलं. मी बाईंना न विचारता उठले, पिशवी उचलली आणि बाहेर पडले. मागून बाई म्हणाल्या, "अगं, एवढं मनाला लावून घेऊ नकोस," आणि वर्ग परत हसला. हसा लेको, म्हटलं.

कॉरिडॉरमध्ये उभं राहून मी मावशीला फोन लावला. उचलला नाही. ती शिवणाच्या मशीनवर असली की फोन आतल्या खोलीत उशीखाली असतो, वाजला की दचकायला होतं म्हणून. परत लावला. नाही. मग बाबांना. बाबांचा गुडघा गेल्या वर्षी एका जिन्यावर घसरून गेला, तेव्हापासून ते घरी खुर्चीत असतात. हाताखालची माणसं जागेवर जातात, भेगांचे फोटो पाठवतात, आणि बाबा खुर्चीत बसून सांगतात, ही जुनी, ही नवी, ही सोड, हिच्यासाठी आज रात्रीच टेकू लाव. "काय गं, तास नाही का?" बाबा म्हणाले. मी म्हणाले, "बाबा, मावशीच्या भेगेच्या फोटोत टोपण होतं का?" "असेल की." "नाहीये. मी आत्ता बघितलं." "मग नसेल. तिला कुठलं सुचायला." "मग केसाएवढी आहे हे तुम्हाला कसं कळलं?" पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला. "अगं, तिचं तुला माहीत नाही का?" बाबा म्हणाले. "नखाएवढं झालं की हाताएवढं सांगते." "म्हणजे तुम्ही भेग बघितलीच नाही," मी म्हणाले, "तुम्ही मावशी बघितली." असं मी बाबांशी कधी बोलले नव्हते. माझा आवाज चिरकला होता, शेजारून जाणारा शिपाई थांबून बघायला लागला. मग बाबा ज्या आवाजात बोलले तो मी फक्त दाराआडून ऐकलेला, ते कामावरच्या माणसांशी बोलतात तो. "तिचं दार अडकतं का?" "दार?" "दार, खिडकी. घासत उघडतात का? फरशीला उतार आलाय का?" आणि मला आठवलं. आमच्याकडे जेवायला आली होती तेव्हा मावशी म्हणाली होती, दार फुगलंय गं, खांदा लावल्याशिवाय उघडत नाही. आणि बाबा म्हणाले होते, दार नाही ताई, तुम्ही फुगलात. सगळं टेबल खो खो हसलं होतं. मावशीही हसली होती, आणि तिने परत भात घेतला नव्हता. मी बाबांना याची आठवण करून दिली नाही. त्यांना आठवलंच असणार. "जा," ते म्हणाले. "टोपण आहे ना तुझ्याकडे? टोपण ठेवून फोटो काढ आणि आधी मला पाठव." मी फोन ठेवणार तेवढ्यात ते म्हणाले, "मला येता येत नाही गं." हे त्यांनी इतक्या लहान आवाजात म्हटलं की मला फोन कानाला दाबून धरावा लागला.

टोपणाचं सांगायलाच हवं. बाबांच्या प्रत्येक शर्टाच्या खिशात पेनाचं एक निळं टोपण असतं. पेन नाही, नुसतं टोपण. कपडे धुवायच्या मशीनमध्ये ती टोपणं खडखडतात आणि आई दर रविवारी एकदा तरी कपाळावर हात मारते. भेगेचा फोटो काढायचा तर शेजारी टोपण ठेवायचं, म्हणजे बघणाऱ्याला भेग केवढी ते कळतं. हा बाबांचा नियम. हाताखालच्यांनी टोपण न ठेवता फोटो पाठवला तर ते तो उघडतसुद्धा नाहीत. "टोपण नाही? परत जा." म्हणून त्यांच्या ऑफिसात त्यांना टोपणसाहेब म्हणतात, तोंडावर साहेब आणि पाठीमागे नुसतं टोपण. ही खोड घरातही शिरलेली. माझा जगातला पहिला फोटो आहे तो माझ्या चेहऱ्याचा नाहीच. पांढऱ्या कापडातून बाहेर आलेलं लालबुंद पाऊल आणि शेजारी निळं टोपण. पाऊल टोपणापेक्षा अंमळ मोठं. पुढे दर वाढदिवसाला उजवा हात टेबलावर पसरून ठेवायचा, शेजारी टोपण, आणि बाबा फोटो काढायचे. आई म्हणायची, पोरगी आहे की भिंत? बाबा म्हणायचे, भिंत वाढली तर वाईट, पोरगी वाढली तर चांगलं, मोजायचं दोन्हीला. कॉलेजच्या पहिल्या दिवशी इतर मुलींना घरून काय काय मिळालं, मला मिळालं टोपण. आता बसमध्ये खिडकीशी बसून मी ते पिशवीतून काढून मुठीत धरलं होतं, आणि मला इतका राग आला होता की डोळ्यांत पाणी येत होतं. जो माणूस अनोळखी लोकांच्या घरातली टोपणाशिवायची भेग बघत नाही, त्याने घरच्या माणसाची बघितली. नुसती बघितली नाही, निकाल देऊन टाकला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. बाहेरच्यांसाठी टोपण आणि मावशीसाठी काय? मावशीसाठी मावशीच. ती आधीच मोजून झालेली. बस एका सिग्नलला थांबली आणि सुटेचना. मी अजून एकदा फोन लावला, वाजून वाजून बंद झाला.

मावशी वाढवून सांगते हे खरं आहे, मी नाही म्हणत नाही. तिच्या घरात निघालेला कोळी पंजाएवढा असतो. तिला शिंक आली की साथ आलेली असते. एकदा सकाळी सकाळी तिने आईला फोन करून "गेलं गं, सगळं गेलं," म्हटलं, आई चपला शोधायला लागली, आणि विचारलं तर दूध उतू गेलं होतं. ती एकटी राहते, दिवसभर लोकांच्या घरांचे पडदे शिवते, आणि दिवसभरात बोलायला मशीनखेरीज कुणी नसतं. मग माणूस भेटलं की जे सांगायचं ते मोठ्याने आणि मोठं करून सांगते. मामाने तिचं नावच राईचा पर्वत ठेवलं आहे, आणि ते आम्ही सगळे इतकी वर्षं वापरतो आहोत की त्यात चेष्टा उरलेली नाही, हिशेब उरलाय. मावशी काही म्हणाली की आपोआप मनात त्याला दहाने भागायचं. बाबाही भागत होते. पण बाईंनी मागच्या आठवड्यात दोन दगड दाखवले होते पडद्यावर, एक डोंगराचा कडा आणि एक बागेतला खडा, आणि कुठला कुठला ते वर्गात एकालाही सांगता आलं नव्हतं. खडा डोंगरासारखाच असतो, डोंगर खड्यासारखाच. मग राई आणि पर्वत यातलं मावशीने खरोखर काय बघितलं हे आम्हाला कुणाला कळणार होतं? तिला तर रोज समोर दिसत होतं. तिथे उभी तीच होती. आम्ही सगळे फोटोत बघत होतो. हे इतकं साधं होतं आणि माझ्या डोक्यात ते शिरायला एक अख्खी दरी लागली, या विचाराने मी बसमध्ये मोठ्याने "शी!" म्हणाले. शेजारच्या बाईंनी आपली पिशवी माझ्यापासून लांब सरकवली.

वर्षाच्या सुरुवातीला खडूबाईंनी फळ्यावर गणिताचा नकाशा काढला होता. इथे भूमिती, इथे बीजगणित, मध्ये कलन, तिकडे टोपॉलॉजी, खाली संभाव्यता, आणि म्हणाल्या होत्या की पुढच्या वर्षी यातला एक प्रांत निवडायचा आणि जन्मभर तिथे राहायचं. आम्हाला वाटायचं हे प्रांत म्हणजे एकाच घरातल्या जावा, एकमेकींचं तोंड बघत नाहीत. टोपॉलॉजीला मोजमापच चालत नाही. तिला कानवाला कप आणि अंगठी एकच, दोन्हीला भोक एक. मी त्यावर किती हसले होते. आता बसच्या खिडकीत बसून मी मनातल्या मनात त्या एकेकीच्या दारात जात होते, मावशीची भेग घेऊन. भूमिती म्हणाली, रुंदी किती? माहीत नाही. मग ये परत. फ्रॅक्टलवाली म्हणाली, वा, काय सुंदर दाते आहेत, हिची मिती एक आणि दोनच्या मध्ये कुठेतरी निघेल, बसून काढू या. संभाव्यता म्हणाली, कशाला घाबरतेस, एवढ्या जुन्या इमारती उभ्या आहेत, त्यातल्या फार थोड्या पडतात. पण माझी मावशी एकच आहे, मी म्हणाले, थोड्या म्हणजे ती आहे की नाही? त्यावर तिने दार लावून घेतलं. आणि टोपॉलॉजी, जिला मी हसायचे, ती म्हणाली, रुंदी मला नको, लांबी नको, मला एकच सांग, भेग आरपार गेली आहे का? भिंत अजून एक आहे की दोन झाल्या? इतके दिवस मी हे सगळं वहीत लिहून घेत होते, खाली रेघ मारत होते, परीक्षेला येईल म्हणून. त्यातलं एकही वाक्य कुणाच्या घराबद्दल असेल असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

मावशीच्या इमारतीसमोर उतरले. तीन मजले, खाली किल्ल्या बनवणाऱ्याचं दुकान, वर बाल्कन्यांत वाळत घातलेले कपडे. लहानपणापासून बघते आहे. रस्त्याच्या पलीकडूनच मला तिच्या बाजूच्या भिंतीवर पाइपालगत एक काळी रेघ दिसली, वरपासून पार खालपर्यंत. पाइपाची सावली असेल, म्हटलं. मग लक्षात आलं की ऊन समोरून आहे. किल्लीवाला कानस घासत होता, माझ्याकडे बघून ओळखीचं हसला. जिन्याच्या भिंतीवर नेहमीचेच पोपडे, नेहमीच्याच चिरा, ज्यांच्याकडे मी आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. आज मला त्यातली एकही केवढी आहे ते ठरवता येईना. डोळ्यांवरचा भरवसाच उडाला. मी भिंतीला हात न लावता वर चढले. आतून मशीनचा आवाज येत होता. जिवंत होती. मशीन चालवत होती. मी बेल वाजवली, मशीन थांबलं, पावलं आली, आणि मग दारावर आतून धप्प करून आवाज झाला. परत एकदा धप्प. मावशीने खांदा लावला होता. तिसऱ्या धक्क्याला दार करकरत उघडलं आणि ती खांदा चोळत उभी, तोंडात टाचणी. "अगं बाई, तू? कॉलेज बुडवून? कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं. भेग दाखव," मी म्हणाले. "कुठली भेग?" ती म्हणाली, आणि नजर चुकवून आत वळली. "आधी बस. चहा टाकते." मशीनच्या एका पायाखाली पुठ्ठ्याच्या घड्या होत्या, चांगल्या जाडजूड. मी बसताना माझ्या पिशवीचा धक्का लागून दोऱ्याचं रीळ खाली पडलं, आणि पडल्या जागी थांबलं नाही. टेबलाखालून, खुर्चीखालून, कुणी बोलावल्यासारखं सरळ समोरच्या भिंतीपर्यंत घरंगळत गेलं आणि कपाटाला लागून थांबलं. मावशी सवयीने वाकली आणि उचलून आणलं. "सगळी तिथेच जातात," ती म्हणाली. कपाट पूर्वी खिडकीशी असायचं. "हे कधी हलवलंस?" मावशी गॅस पेटवत होती, पाठमोरी. "झाले दिवस. मला ती बघवेना बाई. बघितली की छातीत धडधडायचं, आणि धडधडलं की वाटायचं कुणाला तरी सांगावं, आणि सांगितलं की..." तिने हाताने पर्वतासारखं काहीतरी काढून दाखवलं आणि हसली. "तुझे बाबा एवढे मोठे, ते म्हणाले केसाएवढी, म्हणजे केसाएवढीच असणार. मलाच मोठी दिसते. वय झालं की असं होतं का गं? मी चष्मासुद्धा तपासून आणला." तिने चष्मा तपासून आणला होता. आपल्या डोळ्यांसमोरची भिंत फाटत होती आणि ही बाई आमच्यावर विश्वास ठेवून डोळे तपासायला गेली होती.

आम्ही दोघींनी कपाट सरकवलं. उताराच्या उलट सरकवायचं होतं, दमछाक झाली. मागे भिंतीवर ती होती, फोटोतलीच, तेच फाटे, तेच दाते, तिला मी कुठेही ओळखलं असतं. पण तिच्यातून रंगीबेरंगी काहीतरी बाहेर आलं होतं. निळं, फुलाफुलांचं, चॉकलेटी. "चिंध्या आहेत," मावशी ओशाळून म्हणाली. "पडद्यांच्या. कोंबून ठेवल्यात. वारं येतं ना." वारं येतं! केसातून! मी एका निळ्या चिंधीचं टोक धरून ओढलं. आली, आली, येतच राहिली, चांगली हातभर, आणि ती निघाली तशी माझ्या चेहऱ्यावर बाहेरची हवा लागली, रस्त्यावरच्या पेट्रोलचा वास असलेली, आणि खालून किल्लीवाल्याच्या कानशीचा आवाज स्पष्ट ऐकू आला. टोपॉलॉजी, म्हटलं, हे घे. दोन. मी मोबाईल काढला. बाबांनी सांगितलं होतं तसं टोपण काढलं, भेगेच्या कडेला प्लास्टरचा एक दाता पुढे आलेला होता त्यावर नीट बसवलं, आणि फोटो काढायला हात मागे घेतला. मोबाईलच्या पडद्यावर भेग होती आणि टोपण नव्हतं. मला वाटलं खाली पडलं, मी पायाशी बघितलं. मग आवाज आला. भिंतीच्या आतून. टक्. मग जरा खालून, टक्. मग आणखी खालून. मावशी आणि मी एकमेकींकडे बघत उभ्या राहिलो. तो आवाज खाली खाली जात राहिला आणि थांबला असं काही झालं नाही, नुसता ऐकू येईनासा झाला.

मग मी माझा उजवा हात आत घातला. पेरं गेली, बोटं गेली, अंगठा दुमडला तर मनगटापर्यंत गेला. डाव्या हाताने फोटो काढला आणि बाबांना पाठवला. खाली काही लिहिलं नाही. माझा हात केवढा आहे हे जगात कुणाला माहीत असेल तर त्यांना. फोटो पोचला, बघितला गेला, आणि लगेच फोन वाजला. "हात काढ," बाबा म्हणाले. "काढला." "सगळ्यांना खाली उतरव. वरचे, खालचे, शेजारचे, दुकानवाला. काही घेत बसू नका. मी माणसं पाठवतो." मग म्हणाले, "ताईंना दे." मी मावशीच्या कानाला फोन लावला. बाबा काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. मावशी ऐकत होती, नुसती मान हलवत होती, समोर कुणी बघत असल्यासारखी. शेवटी म्हणाली, "अहो, रडताय काय. तुम्ही तरी काय करणार, माझं बोलणंच तसलं." मी तिच्या हातातून फोन ओढून घेतला. "मावशी, चपला घाल." "अगं चहा उकळतोय..." "गॅस बंद कर आणि चपला घाल!" तिने गॅस बंद केला, सुई पाकिटात नीट खोचून ठेवली, चपला घातल्या, आणि जिन्यावर आल्यावर मात्र कठड्याला धरून उभी राहिली. समोरच्या बंद दाराकडे तिने बघितलं. "काय सांगायचं त्यांना? इमारत पडते म्हणून? हसतील गं लोक. मला ओळखतात सगळे." मी म्हणाले, "हसू देत." आणि मी त्या दारावर दोन्ही हातांनी बडवायला लागले. आत भांड्यांचा आवाज थांबला. "आले, आले, थांबा जरा," कुणीतरी म्हणालं, पावलं जवळ आली, कडी निघाली, आणि दार उघडलं नाही. मग आतून त्या दाराला कुणीतरी खांदा लावल्याचा धप्प आवाज आला.